बंद खाणीच्या बोगद्यातली हवा माणसाला कशी मारते

बंद पडलेल्या खाणीच्या बोगद्यापाशी उभं राहिलं की नजर आधी रुळांवर जाते. दोन अरुंद, गंजलेले रूळ सरळ काळोखात शिरतात आणि त्यांच्या मागोमाग चालत जावंसं वाटतं. एके काळी यांच्यावरून खनिजाने भरलेले डबे बाहेर येत होते, माणसं आत-बाहेर करत होती, आणि आता इथे फक्त पाण्याचा टपटप आवाज आहे. जुन्या खाणींची ही ओढ मला चांगली कळते. म्हणूनच त्या बोगद्यातल्या हवेबद्दल नीट, सविस्तर लिहावंसं वाटलं.

अशा ठिकाणी जाणारी माणसं सहसा छत कोसळण्याला, पाय घसरून उभ्या विहिरीत पडण्याला आणि वाट चुकण्याला घाबरतात. तिन्ही भीती रास्त आहेत. पण तडकलेला खडक दिसतो, कुजलेली फळी पायाखाली करकरते, खड्ड्याच्या काठावर दगड टाकला तर आवाज येतो. हवा यातलं काहीच करत नाही. ऑक्सिजन संपलेली हवा चांगल्या हवेइतकीच स्वच्छ, थंड आणि ताजी वाटते.

ऑक्सिजन जातो कुठे?

उघड्यावरच्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन, ७८ टक्के नायट्रोजन, एक टक्क्याला थोडा कमी आरगॉन आणि सुमारे ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. खाण चालू असताना अवाढव्य पंखे दिवसरात्र ही हवा आत ढकलत असतात. खाण बंद झाली की पंखे थांबतात. आत चाललेल्या रासायनिक क्रिया मात्र थांबत नाहीत.

सुरुवात रुळांपासूनच करू. लोखंड गंजतं म्हणजे ते हवेतला ऑक्सिजन स्वतःशी बांधून ठेवतं. एक किलो लोखंड पूर्ण गंजायला सुमारे ३०० लिटर ऑक्सिजन लागतो. रूळ, त्यांचे खिळे, सोडून दिलेले डबे, पाण्याचे पाइप, सगळे वर्षानुवर्षं हेच करत असतात. रुळांखालचे लाकडी स्लीपर आणि छताला दिलेले टेकू कुजतात. कुजणं हे बुरशी आणि जिवाणूंचं जेवणच. त्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

पण सर्वांत मोठा खादाड असतो तो खडकच. अनेक धातूंच्या आणि कोळशाच्या खाणींत पायराईट नावाचं, लोखंड आणि गंधक यांचं पिवळं चमकदार खनिज असतं. डोंगराच्या पोटात ते लाखो वर्षं हवेपासून दूर असतं. बोगदा खणला की ओल आणि हवा त्याच्यापर्यंत पोचते आणि ते ऑक्सिजन ओढू लागतं. पूर्ण क्रिया झाली तर एक किलो पायराईट जवळजवळ एक किलो ऑक्सिजन संपवतं, म्हणजे ७०० लिटर.

हा आकडा किती मोठा आहे ते पाहा. बोगदा दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच धरला, तर त्याच्या शंभर मीटर लांबीत ४०० घनमीटर हवा मावते. त्या हवेतला ऑक्सिजन २०.९ वरून १६ टक्क्यांवर आणायचा, तर साधारण २० घनमीटर ऑक्सिजन संपायला हवा. त्यासाठी तीसेक किलो पायराईट पुरतं. खनिजाच्या बोगद्याच्या भिंतींत आणि मागे पडलेल्या मलब्यात ते टनांनी असू शकतं, आणि हाताशी काही दशकं असतात. बोगद्यातून येणारं पाणी नारिंगी-तांबूस असेल, तळाशी त्याच रंगाचा चिखल साचला असेल, तर ही क्रिया आत चालू आहे असं बिनधास्त समजावं. शिवाय या क्रियेत आम्ल तयार होतं. ते चुनखडीसारख्या दगडाला भेटलं की त्यातून आणखी कार्बन डायऑक्साइड सुटतो.

शेवटी उरतं ते मुख्यतः नायट्रोजन आणि त्यात मिसळलेला कार्बन डायऑक्साइड. इंग्लंडमधले खाणकामगार याला ब्लॅकडॅम्प म्हणत. यातल्या ‘डॅम्प’चा ओलीशी संबंध नाही. जर्मन भाषेत वाफेला डाम्फ म्हणतात, त्याच कुळातला हा शब्द आहे. ब्लॅकडॅम्प म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, असं बराच काळ मानलं जात होतं. जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात खाणींतल्या हवेचे नमुने तपासले आणि त्यात मोठा वाटा नायट्रोजनचा आहे हे दाखवून दिलं. हा तपशील बारीक वाटेल, पण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

शरीर ओरडत का नाही?

श्वास रोखून धरला की काही वेळाने छाती फुटेल असं वाटतं. आपण समजतो की ही ऑक्सिजनची तहान आहे. प्रत्यक्षात ती रक्तात साचत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडची तक्रार असते. मेंदूतली श्वासाची यंत्रणा मुख्यतः त्या वायूवर नजर ठेवून चालते. ऑक्सिजन कमी झाल्याची खबर देणारे संवेदक मानेतल्या रक्तवाहिन्यांपाशी आहेत, पण ते उशिरा जागे होतात आणि त्यांचा आवाज क्षीण असतो.

आता ज्या हवेत ऑक्सिजन कमी आणि नायट्रोजन जास्त आहे अशा हवेत माणूस चालतो आहे असं समजा. तो श्वास नेहमीसारखाच घेतो आणि सोडतो. कार्बन डायऑक्साइड प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर जातो, त्यामुळे मेंदूला सगळं आलबेल वाटतं. घुसमट होत नाही. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की नाडी आणि श्वास वाढतात, पण चालणारा माणूस त्याचं खापर चालण्यावर फोडतो. त्याच सुमारास निर्णयशक्ती घसरायला लागते. मला यातली सर्वांत भयंकर गोष्ट हीच वाटते: धोका ओळखण्यासाठी जी बुद्धी लागते, तीच आधी मंदावते. काहींना तर उलट हलकं, प्रसन्न वाटतं. १० टक्क्यांच्या जवळपास शुद्ध जाते. ६ टक्क्यांच्या खाली काही मिनिटांत मृत्यू.

ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या हवेत तर एकदोन श्वासांतच माणूस कोसळतो. ‘मी मिनिटभर श्वास रोखू शकतो, तेवढ्यात परत फिरेन’ हा हिशोब इथे चालत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. श्वास रोखतो तेव्हा फुप्फुसात चांगल्या हवेचा साठा असतो. रक्त तो हळूहळू वापरतं. पण ऑक्सिजन नसलेली हवा आत घेतली की तो साठा धुऊन निघतो. एवढ्यावर थांबत नाही. वायू नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, म्हणून फुप्फुसात येणाऱ्या रक्तात जो थोडाफार ऑक्सिजन शिल्लक असतो, तोही उलट फुप्फुसात आणि तिथून बाहेर जातो. म्हणजे प्रत्येक श्वास शरीराला ऑक्सिजन देण्याऐवजी त्यातून काढून घेतो. असं रिकामं झालेलं रक्त काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. हाक मारायला सवड मिळत नाही.

ब्लॅकडॅम्पमध्ये कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल तर निदान धाप लागते. हवेत तो ३ टक्के झाला की श्वास लक्षणीय वाढतो, ५ टक्क्यांना माणूस धापा टाकू लागतो, डोकं ठणकतं. १० टक्क्यांना काही मिनिटांत शुद्ध हरपते. म्हणून विनाकारण धाप, डोकेदुखी, पाय जड होणं यातलं काहीही जाणवलं तर चर्चा न करता, फोटो न काढता, आलात त्याच वाटेने बाहेर पडायचं.

हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असतो, म्हणून तो खोलगट जागी साचतो. माल वाहून आणणारे बोगदे बहुधा आतल्या बाजूला किंचित चढ ठेवून खणलेले असतात: पाणी आपोआप बाहेर वाहतं आणि भरलेले डबे उताराने सहज बाहेर येतात. पण बंद बोगद्याच्या तोंडाशी दरड पडलेली असेल, तर ती धरणाच्या भिंतीसारखी काम करते. तिच्यामागे पाणी तुंबतं, आणि पाण्यावर जड वायूही. ढिगाऱ्यावरून सरपटत पलीकडे उतरणारा माणूस नेमका त्या तळ्यात उतरतो. उभ्या माणसाच्या नाकापाशी हवा ठीक असते आणि बुटाची नाडी बांधायला वाकलं की ती ठीक नसते, असंही होतं.

बाकीचे वायू

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट पकडतं, त्यामुळे हवेत ऑक्सिजन पुरेसा असूनही शरीर उपाशी राहतं. आगीनंतर, स्फोटानंतर, किंवा बंद जागेत इंजिन चालवल्यावर तो साचतो. रेल्वेच्या बोगद्यांना तो नवीन नाही. मार्च १९४४मध्ये इटलीतल्या बाल्व्हानोजवळ वाफेच्या इंजिनांची एक मालगाडी चढावरच्या बोगद्यात अडकली. गाडीत शेकडो माणसं लपूनछपून किंवा दाटीवाटीने प्रवास करत होती. इंजिनांच्या धुरातल्या या वायूने ५००हून अधिक माणसं गेली, बरीचशी झोपेतच. बंद खाणीत पाणी उपसायला कोणी पेट्रोलचा पंप आत नेला, तर तोच प्रकार लहान प्रमाणात घडतो.

हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि माणसाचं नाक तो दहा लाखांत एक भागापेक्षाही कमी असला तरी ओळखतं. इथे फसगत वेगळीच आहे: दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, गेला बुवा. हा वायू साचलेल्या पाण्यात विरघळून राहतो. शांत डबक्यातून चालत गेलं की पाणी ढवळतं आणि तो सुटतो. म्हणजे जाताना चांगली असलेली हवा आपल्याच पावलांनी बिघडू शकते.

मिथेन मुख्यतः कोळशाच्या खाणींत असतो, हलका असल्याने छताशी साचतो, आणि हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने त्याचा स्फोट होतो. रेडॉन हा किरणोत्सारी वायू तिथल्या तिथे कोणाला पाडत नाही. वर्षानुवर्षं तो श्वासातून घेतलेल्या खाणकामगारांमध्ये मात्र फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे.

खाण श्वास घेते

‘मागच्या महिन्यात आम्ही आत जाऊन आलो, काही झालं नाही.’ हे वाक्य अशा ठिकाणांबद्दल सगळ्यांत जास्त बोललं जातं आणि त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे.

बाहेरच्या हवेचा दाब रोज बदलतो. वादळ यायच्या आधी तो उतरतो. खाण म्हणजे एक मोठी, सच्छिद्र भांड्यासारखी पोकळी. बाहेरचा दाब २ टक्क्यांनी उतरला, आणि आत एक लाख घनमीटरची पोकळी असेल, तर सुमारे दोन हजार घनमीटर हवा बाहेर पडते. मघाच्या मापाचा बोगदा घेतला तर शंभर-शंभर मीटरचे पाच तुकडे भरतील एवढी ही हवा आहे. ती येते आतल्या जुन्या, बंदिस्त, कोणी कधी न गेलेल्या खोदकामातून. दाब चढला की उलट होतं. खाण ताजी हवा आत ओढते आणि तोच बोगदा स्वच्छ वाटतो.

तापमानाचाही हात असतो. जमिनीखालचं तापमान वर्षभर जवळपास सारखं, त्या जागेच्या वार्षिक सरासरीइतकं राहतं. थंडीत आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार, म्हणून हलकी. ती वरच्या तोंडातून निघते आणि खालच्या तोंडातून ताजी हवा आत येते. उन्हाळ्यात आतली हवा गार आणि जड. ती खालच्या तोंडातून बाहेर वाहते. माणसं बहुधा खालच्या तोंडातून, रुळांवरून आत शिरतात. उकाड्यात तिथून येणारी गार झुळूक सुखद वाटते. ती झुळूक म्हणजे खाणीच्या पोटातून गाळून आलेली हवा असू शकते.

याचं सर्वांत दुःखद उदाहरण बोगद्यातलं नाहीच. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात किंबर्लीला सलिव्हन नावाची शिसं-जस्ताची मोठी खाण होती. ती २००१मध्ये बंद झाली. तिच्या मलब्याच्या ढिगाच्या पायथ्याशी, झिरपणाऱ्या पाण्याचे नमुने घेण्यासाठी एक छोटी शेड होती. तिथे आधी अनेकदा माणसं येऊन गेली होती. मे २००६मध्ये एक पर्यावरण सल्लागार नमुना घ्यायला गेला आणि परतला नाही. दोन दिवसांनी त्याला शोधत आलेला खाणीचा कर्मचारी आत उतरला आणि कोसळला. मदतीला आलेल्या दोन पॅरामेडिकचंही तेच झालं. चारही जण गेले. शेडमधल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २ टक्के उरला होता. ढिगातल्या गंधकयुक्त खनिजांनी तो संपवला होता, आणि बाहेरची हवा तापल्यावर ढिगातली गार, जड हवा पायथ्याकडे वाहत पाण्याच्या पाइपमधून शेडमध्ये उतरत होती. शेड तीच होती, पाणी तेच होतं. बदललं होतं ते हवामान.

स्कॉटलंडमधल्या गोअरब्रिज गावात तर जुन्या कोळसा खाणीच्या वर बांधलेल्या घरांमध्येच कार्बन डायऑक्साइड झिरपू लागला. लोक आजारी पडले आणि अखेर ६४ घरं पाडावी लागली. खाणीचा श्वास तिच्या दारापुरता मर्यादित राहत नाही.

मेणबत्ती, कॅनरी आणि मीटर

जुने खाणकामगार ज्योतीकडे पाहत. ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. कार्बाइडचा दिवा (कार्बाइडवर पाणी पडून सुटणारा वायू जाळणारा) जास्त चिवट, तो १२-१३ टक्क्यांपर्यंत तग धरतो. १८१५मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक जाळी बसवलेला दिवा बनवला. त्यात मिथेन असेल तर ज्योतीभोवती निळसर टोपी दिसे. कार्बन मोनॉक्साइड मात्र ज्योतीला कळत नाही. त्यासाठी हाल्डेन यांनी छोटे प्राणी नेण्याचा उपाय सुचवला. कॅनरी पक्ष्याचा श्वास आणि चयापचय इतका वेगवान असतो की विषारी वायूचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या आधी दिसतो. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरींना निवृत्त करण्याचा निर्णय १९८६मध्ये झाला.

आज डोक्यावर एलईडीचा दिवा असतो. तो सुंदर उजेड देतो, पण ऑक्सिजन असला काय आणि नसला काय, तसाच देत राहतो. कामगाराच्या दिव्यात उजेडाबरोबर आपसूक एक मोजमापही होतं. ते आपण गमावलं आणि बरेच जण त्याजागी काहीच नेत नाहीत. म्हणून मेणबत्ती घेऊन जावी असं मी मुळीच म्हणत नाही. मिथेन असेल तर तीच ठिणगी ठरेल, आणि मेणबत्ती विझेपर्यंत माणसाची बुद्धीही मंदावू लागलेली असते.

आत कामानिमित्त जाणारी प्रशिक्षित माणसं चार वायूंचा मीटर वापरतात: ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की तो ओरडतो. पण या नेहमीच्या मीटरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा संवेदक नसतो, आणि इथे एक छोटं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. मीटरवर ऑक्सिजन २०.९ ऐवजी १९.९ दिसतो आहे. एकच टक्का कमी, अलार्मही शांत. पण बाहेरून शिरलेल्या कार्बन डायऑक्साइडने हवेला बाजूला सारून ही घट झाली असेल, तर ऑक्सिजन एक टक्का कमी व्हायला एकूण हवेतला जवळजवळ ५ टक्के भाग त्या वायूने व्यापलेला असावा लागतो, कारण तो नायट्रोजनलाही तेवढ्याच प्रमाणात ढकलतो. ५ टक्के म्हणजे धापा टाकायची पातळी. त्यामुळे अलार्म वाजेपर्यंत थांबू नये. ऑक्सिजनचा आकडा अर्ध्या टक्क्यानेही घसरू लागला तर परत फिरावं. ज्वलनशील वायू मोजणारा सर्वसाधारण संवेदक स्वतः ऑक्सिजनवर चालतो, म्हणून ऑक्सिजन फार कमी असेल तिथे त्याचा शून्य आकडा विश्वासाचा नाही. मीटर बाहेरच्या मोकळ्या हवेत चालू करायचा असतो. बोगद्यात उभं राहून चालू केला आणि तिथेच शून्यावर आणला, तर तो वाईट हवेलाच चांगली समजून बसतो.

आणि मास्क. धुळीचा मास्क असो वा गाळणीचा गॅस मास्क, तो हवेतून काहीतरी अडवतो. हवेत नसलेला ऑक्सिजन तो आणणार कुठून? कमी ऑक्सिजनच्या जागी फक्त स्वतःची हवा पाठीवर वाहून नेणारा श्वसनसंच चालतो, आणि तो वापरायला प्रशिक्षण लागतं. मीटर किंवा प्रशिक्षण नसलेल्या माणसाने अशा बोगद्यात पाऊल टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मीटर हाती आल्यानेही त्याला आत जाण्याचा परवाना मिळत नाही.

मागचा माणूस

अमेरिकेतल्या नायॉश या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६मध्ये बंदिस्त जागांतल्या मृत्यूंबद्दल इशारा दिला होता. त्यात म्हटलं होतं की मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून अधिक माणसं ही दुसऱ्याला वाचवायला गेलेली असतात. किंबर्लीच्या चौघांपैकी तिघं त्याच वाटेने गेले. समोर वीस पावलांवर मित्र पडलेला दिसत असताना आत न जाणं किती अवघड आहे हे मला कळतं. पण जी हवा त्याला दोन श्वासांत पाडू शकली ती आपल्यालाही पाडेल, आणि बेशुद्ध माणसाला ओढताना आपण श्वास नेहमीपेक्षा कितीतरी जास्त घेत असतो.

त्या वेळी बाहेर मोकळ्या हवेत, बोगद्याच्या तोंडापासून बाजूला यायचं आणि आपत्कालीन मदत बोलवायची. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगायचं की हवा खराब असण्याची शक्यता आहे, नाहीतर येणारे नुसत्या स्ट्रेचरनिशी आत धावतील. मग सांगायचं: आत किती जण आहेत, साधारण किती अंतरावर, किती वाजल्यापासून, मीटर होता का आणि शेवटचा आकडा काय होता, कसला वास आला का, आत दुसरं तोंड आहे का, आणि बोगद्याच्या तोंडाशी वारा आत जातो आहे की बाहेर येतो आहे.